शॅडोजचे हात

मंगळवार, रात्री उशिरा

‘अपाची’ ही गिटारची धून मी कॉलेजपासून ओळखतो, पण फक्त कानाने. ती वाजवणारा ब्रिटिश गट द शॅडोज म्हणजे माझ्यासाठी एका कॅसेटच्या कव्हरवरचे चार चेहरे, त्यातला एक जाड काळ्या फ्रेमचा चष्मेवाला. तो हँक मार्विन, त्यांचा मुख्य गिटारवादक. मित्राने आज त्यांच्या साठच्या दशकातल्या टीव्ही कार्यक्रमांचे व्हिडिओ पाठवले आणि जेवण झाल्यावर ‘एकच बघतो’ म्हणून बसलो. बायको दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेली.

कॅमेरा जवळ जातो तिथे मी थांबवून थांबवून हँकचा उजवा हात पाहिला. गिटारच्या ब्रिजला, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात तिथे, ती ट्रेमोलोची लोखंडी दांडी असते ना, ती तो सोडतच नाही. पिक (तारा छेडायची चपटी पट्टी) अंगठा आणि तर्जनीत, दांडी त्याच पंजात. सूर छेडतो आणि तो विरायच्या आत दांडी किंचित दाबतो, बस. शॅडोजच्या प्रत्येक धुनेत सुराच्या शेपटीला जो हेलकावा येतो, तो इथून येतो. कॅसेट ऐकून हे कळायला काही मार्गच नव्हता. हेलकावा डाव्या हाताचा की उजव्या, यावर आम्ही पोरं चहाच्या टपरीवर भांडायचो.

हँकची ती लाल फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारही धड पाहिली. म्हणजे लाल असल्याचं माहीत आहे म्हणून लाल, पडद्यावर राखाडीच. शॅडोज ज्याच्या साथीला वाजवायचे त्या गायक क्लिफ रिचर्डने १९५९ साली ती अमेरिकेहून मागवली. ब्रिटनमधली पहिली स्ट्रॅट तीच, असं मानतात. (क्लिफ म्हणजे मूळचा हॅरी वेब, जन्म १९४०, लखनौ! हे मी दर वेळी कुणाला तरी सांगतोच.)

बुधवार

सकाळी आठच्या आत मित्राचा फोन. “अरे, पण वायर कुठाय?”

कुठली वायर?

“गिटारची! नीट बघ. हँकच्या गिटारला वायरच लावलेली नाही.”

बघितलं. खरंच नव्हती. त्या काळी टीव्हीवर सर्रास असं चालायचं: स्टुडिओत रेकॉर्ड लावायची आणि कलावंतांनी तिच्याबरोबर हात हलवायचे. मग आम्हाला नादच लागला. कुठला व्हिडिओ खरा आणि कुठला नुसता अभिनय? ‘अपाची’च्या सुरुवातीला जो ढोल घुमतो, तो रेकॉर्डवर क्लिफने वाजवला होता, चिनी ढोल. पडद्यावर तो ढोल नाही, क्लिफ नाही, आणि घुमणं मात्र तेच? मग रेकॉर्ड. शेवटी सगळे वाजवतायत आणि आवाज आपोआप विरत चाललाय? रेकॉर्डच.

काही जण यावरून नाराज होतील. मी नाही. हात खोटं वाजवत असले तरी त्यांना सवय खऱ्याचीच आहे. बोटं पडतात ती जागेवरच.

शुक्रवार

ऑफिसात काम कमी होतं, एवढंच लिहितो.

व्हिडिओवर साल नसलं तरी अंदाज लागतो, हे आता जमायला लागलंय. बेसवर सोनेरी केसांचा, जरा रागीट दिसणारा पोरगा असेल तर तो जेट हॅरिस, म्हणजे १९६२ च्या एप्रिलपर्यंतचं. ड्रमवर टोनी मीहन असेल तर आणखी मागचं, कारण १९६१ च्या ऑक्टोबरात त्याच्या जागी ब्रायन बेनेट आला. फेंडर जाऊन बर्न्स कंपनीच्या गिटारी दिसल्या की १९६४ किंवा पुढे. गवय्याची बैठक बघून घराणं ओळखणारी म्हातारी माणसं असतात, तसं आमचं झालंय.

आणि ती चाल! हँक आणि दुसरा गिटारवाला ब्रूस वेल्च, गळ्यात गिटार, एक पाय पुढे, एक तिरका मागे, दोघे एकदम, चेहऱ्यावर काही नाही. मी आरशासमोर करून पाहिली. पायांकडे लक्ष दिलं की बोटं चुकतात.

एवढं वाजवूनही उरलंय किती कमी, याचं वाईट वाटतं. तेव्हा व्हिडिओ टेप महाग होती. एक कार्यक्रम दाखवला की तीच टेप पुसून त्यावर दुसरा. बीबीसीचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ १९६४ च्या १ जानेवारीला सुरू झाला, त्याचे साठच्या दशकातले बहुतेक भाग असेच गेले. वाचलं त्यातलं बरंचसं मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून काढलेल्या प्रतींमुळे. म्हणून ते असं धुरकट दिसतं. धुरकट तर धुरकट.

तिकडच्या चाहत्यांना निदान आठवण तरी आहे, दिवाणखान्यातल्या छोट्या पडद्यावर पाहिल्याची. १९६० मध्ये ‘अपाची’ तिकडे पाच आठवडे पहिल्या नंबरवर होतं. मुंबईत टीव्हीच आला तो १९७२ च्या २ ऑक्टोबरला. आमच्या आधीच्या पिढीने इलेक्ट्रिक गिटार ऐकली ती व्हॅन शिप्लेच्या, सिनेमाच्या चाली वाजवलेल्या तबकड्यांवर. तेव्हा माझ्या या पाहण्यात जुन्या दिवसांची हुरहूर वगैरे काही नाही. मी हे पहिल्यांदाच बघतोय, आणि नव्या बँडकडे बघावं तसंच बघतोय.

रविवार

आज १९७५ ची युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा, स्टॉकहोम. वाद्यसंगीताने नाव काढलेला हा गट ब्रिटनतर्फे चक्क गायला गेला होता! निवडीसाठी आधी गायिका लुलूच्या टीव्ही कार्यक्रमात सहा गाणी म्हणाले, त्यातलं एक लोकांनी निवडलं.

सुरुवातीलाच ब्रूस शब्द विसरतो. तोंड माइकपासून वळवून, मला वाटलंच होतं, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो, आणि तेही ऐकू येतं! मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मग मित्राला फोन लावून त्यालाही बघायला लावलं. इथे वायर शोधायची गरजच नाही, सगळं जिवंत आहे. पुढच्या ओळीपर्यंत गडी सावरतोही.

१३८ गुण, दुसरा नंबर. १५२ गुण मिळवून जिंकले हॉलंडचे टीच-इन. म्हटलं, त्यांनाही ऐकून घेऊ. ऐकलं. मित्र म्हणतो गाणं बरं आहे. मी परीक्षक असतो तर दिले नसते एवढे.