निकाल लावायचा तर बोलावं लागतं : इंग्रजीच्या तासाला सिनेमा आणि पुरस्कार

इंग्रजीच्या तासाला सिनेमा म्हटलं की बहुतेक शाळांत एकच प्रकार होतो. शनिवारी प्रोजेक्टर लागतो, एखादा कार्टूनपट दोन तास चालतो, मुलं हसतात आणि घंटा होते. तेवढ्या वेळात एकाच्याही तोंडून इंग्रजी वाक्य बाहेर पडत नाही, कारण तशी गरजच कुणाला पडलेली नसते. बोलणं हवं असेल तर बघणं तीन मिनिटांवर आणा आणि उरलेला तास भांडायला द्या. पिच्चर कुठला चांगला, काम कुणाचं चांगलं, बक्षीस कुणाला?

पहिली गोष्ट म्हणजे सिनेमा इंग्रजी असायची गरज नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या मराठी शाळेत एक सोय आयती मिळते, जी पुण्या-मुंबईच्या वर्गात मुद्दाम घडवावी लागते. एका बाकावरच्या मुलाने कन्नड पिच्चर पाहिलेला असतो, शेजारच्याने मराठी, आणि दोघांनी एकमेकांचे पाहिलेले नसतात. म्हणजे एकाकडे खरी माहिती आहे आणि दुसऱ्याला ती खरंच नाही. पाठ्यपुस्तकातल्या संवादात हे कधीच नसतं, कारण तिथे प्रश्न विचारणाऱ्याच्या पुस्तकातही उत्तर छापलेलं असतं. तेव्हा जोड्या लावताना ‘हा तू पाहिलास का’ असं आधी विचारून घ्या आणि न पाहिलेल्याला पाहिलेल्याजवळ बसवा.

गोष्ट सांगायला चार मिनिटं. इंग्रजीत सिनेमाची गोष्ट साध्या वर्तमानकाळात सांगतात, आणि आपणही ‘मग तो गावाला जातो, तिथे त्याला एक म्हातारा भेटतो’ असंच सांगतो. हे साम्य मुलांना दाखवून द्या. चूक ठरलेली आहे : ‘ही गो टू द व्हिलेज’. ‘गोज’मधला शेवटचा आवाज गळतो. ऐकणाऱ्याने तो गळला की फक्त एक बोट वर करायचं, तोंडाने काही बोलायचं नाही. सांगणाऱ्याने शेवट सांगायचा नाही. ऐकणाऱ्याने तीन प्रश्न विचारून तो काढून घ्यायचा. इथे मराठीतला ‘का’ आडवा येतो. आपला प्रश्न वाक्याच्या शेवटी होतो, म्हणून मूल ‘ही डाइज ऑर नॉट?’ असं विचारतं. ‘डझ ही डाय?’ फळ्यावर लिहून ठेवा आणि ‘डझ’ आला की ‘डाइज’चा ‘ज’ जातो, एवढंच सांगा. शेपूट एकदाच लागतं.

कुणी काय पाहिलंय हे विचारतानाच आणखी एक जुनं दुखणं बरं करता येतं. ‘पाहिला आहेस का?’ म्हणजे ‘हॅव यू सीन इट?’ आणि ‘कधी पाहिलास?’ म्हणजे ‘व्हेन डिड यू सी इट?’. वेळ आली की ‘आहे’ जातो, तसाच ‘हॅव’ जातो. व्याकरणाचं नाव न घेता आठवीच्या मुलाला हे पाच मिनिटांत कळतं. ‘आय हॅड सीन इट यस्टरडे’ हे आपल्याकडचं लाडकं वाक्यही त्यातून सुटतं.

आता तुकडा दाखवण्याबद्दल. दोन ते तीन मिनिटांचा, एकाच जागी घडणारा, कमी संवादांचा प्रसंग घ्या. कुणीतरी काहीतरी लपवतंय, शोधतंय, बनवतंय असा. मारामारी नको. पडद्यावर दर सेकंदाला काहीतरी घडत राहिलं की बोलणारा पहिल्याच वाक्यात अडकतो आणि मग मराठीत सुटतो. पाच-सहा सेकंदांत एक हालचाल हे प्रमाण बरं. जोडीतला एक पडद्याकडे तोंड करून बसतो, दुसरा पाठ करून. आवाज बंद. पहिल्याने दिसेल ते सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं आणि अडलं तिथे विचारायचं. निम्म्यावर थांबवून जागा बदलायच्या. इथे आपली बोली कामाला येते. ‘तो काय करालाय?’ला ‘व्हॉट इज ही डूइंग?’ अगदी नेमकं बसतं, आणि ‘करतो’ला ‘डझ’. प्रमाण मराठीत बोला म्हणून मुलांना टोकणारे आपण, पण या तासाला ‘करालाय’ फळ्यावर मानाने लिहा.

दुसऱ्यांदा तोच तुकडा आवाजासकट. इंग्रजी सिनेमा असेल तर इंग्रजी सबटायटल याच वेळी लावा, पहिल्यांदा नाही, कारण ती दिसली की डोळे खालच्या ओळीवर जातात आणि कान बंद होतो. मराठी सबटायटल अजिबात नकोत. तुकडा पेनड्राइव्हवर आधीच घेऊन ठेवा आणि करंट जाणार हे धरूनच चला. त्याच प्रसंगाची सहा वाक्यं सहा चिठ्ठ्यांवर लिहून ठेवली तर त्या क्रमाने लावण्यावरही अर्धा तास बोलणं निघतं. सर्टिफिकेट बघून घ्या. 2024पासून यूए-चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीत बघायच्या सिनेमांचे, 7, 13 आणि 16 वर्षांपुढचे असे तीन भाग झाले आहेत, आणि आठवी-नववीसाठी 13 ही वरची मर्यादा धरावी.

मत मांडायला शब्द लागतात. ‘नाइस’ आणि ‘गुड’ला त्या तासापुरती बंदी घाला आणि बदली दहा शब्द द्या : टचिंग, ग्रिपिंग, स्लो, प्रेडिक्टेबल, कन्व्हिन्सिंग असे. दहाच, वीस दिले की एकही वापरला जात नाही. ‘आय ॲम बोरिंग’ येणारच. ‘कंटाळवाणा’ म्हणजे बोरिंग आणि ‘कंटाळलेला’ म्हणजे बोअर्ड, ही जोडी मराठीतूनच दाखवा. दुसऱ्याचं मत खोडायला ‘नो, राँग’ एवढंच मुलांना येतं, म्हणून ‘आय सी युवर पॉइंट, बट...’ हे एक वाक्य घोटून घ्या. ‘बट’नंतर कारण आलंच पाहिजे.

पुरस्कारांकडे येताना आधी तीन क्रियापदं पक्की करा, कारण आपल्या बातम्यांतही त्यांची सरमिसळ असते. ‘श्वास’ 2004 साली भारताकडून ऑस्करला पाठवला गेला : वॉज सबमिटेड. अंतिम पाचांत तो नव्हता. ‘लगान’ 2002च्या सोहळ्यात अंतिम पाचांत होता, जिंकला नाही : वॉज नॉमिनेटेड. ‘नाटू नाटू’ने 2023 साली सर्वोत्कृष्ट मूळ गीताचा ऑस्कर जिंकला, आणि तो गाण्याला मिळाला, सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून नव्हे. पहिल्या दोन ठिकाणी ‘वॉज’ येतो कारण काम दुसऱ्याने केलं. तिसऱ्या ठिकाणी ‘वॉज’ नाही. मुलं ‘वॉज वॉन’ म्हणतात, त्यात दोन चुका आहेत, कारण उच्चारही ‘वन’ आहे, आकड्यातल्या एकसारखा. उदाहरणं जवळची घ्या. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक 1954 साली ‘श्यामची आई’ला मिळालं, 1970 सालचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक कन्नड ‘संस्कार’ला. भानू अथैया कोल्हापूरच्या, म्हणजे निपाणीवरून तासाभराच्या वाटेवरच्या. ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी 1983 साली त्यांना ऑस्कर मिळाला आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. एवढ्या माहितीवर ‘हू वन इट? व्हॉट फॉर? व्हेन?’ अशी प्रश्नांची साखळी सहज दहा मिनिटं चालते.

मग वर्गाचा स्वतःचा पुरस्कार. पाच सिनेमे नामांकित करा : दोन मराठी, दोन कन्नड, एक हिंदी. चार-चारांचे गट, प्रत्येक गटाला एका सिनेमाची वकिली. इथे एक धोका आहे आणि तो आपल्याच भागात आहे. मोकळं सोडलं तर मतदान सिनेमावर न होता भाषेवर होतं, आणि मग वादही इंग्रजीत राहत नाही. उपाय म्हणजे गटाने आपल्या घरच्या भाषेतला सिनेमा मांडायचा नाही, दुसऱ्या भाषेतला मांडायचा. घरी मराठी असलेल्या पोरांनी कन्नड सिनेमाची बाजू घेतली की त्यांना कारणं खरोखर शोधावी लागतात.

मतदानाला ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाची पद्धत घ्या, म्हणजे पसंतीक्रम. प्रत्येकाने पाचही सिनेमांना 1 ते 5 क्रमांक द्यायचे. 40 मुलं असतील तर जिंकायला 21 हवीत. समजा पहिल्या पसंतीची मतं 14, 11, 8, 4 आणि 3 पडली. 3 वाला बाद, त्याच्या चिठ्ठ्या दुसऱ्या पसंतीनुसार वाटायच्या : 14, 13, 9, 4. आता 4 वाला बाद : 14, 16, 10. मग 10 वाला बाद, त्याच्या दहांतल्या सहा चिठ्ठ्या एकाकडे आणि चार दुसऱ्याकडे गेल्या तर 18 आणि 22. पहिल्या फेरीत पुढे असलेला हरला. वर्ग उसळतो, आणि ‘बट वी वर लीडिंग!’ हे वाक्य कुणीही न शिकवता बाहेर येतं. अशा वेळी मुलं मराठीवर घसरली तर रागावू नका, ‘से दॅट इन इंग्लिश’ एवढंच म्हणा आणि थांबा. चिठ्ठ्या मोजणाऱ्या दोघांनी प्रत्येक फेरी मोठ्याने इंग्रजीत वाचायची. आकडे, ‘मोअर दॅन’, ‘द फ्यूएस्ट’ सगळं तिथे येतं. ही मोजणी पंधरा मिनिटं खाते, त्यामुळे ती दुसऱ्या दिवसाच्या तासाला ठेवा. एकाच 40 मिनिटांत सगळं कोंबलं की बोलण्याचाच बळी जातो. बाकीचे विभाग, म्हणजे अभिनय, गाणं, वेशभूषा, साध्या जास्त मतांवर सोडवा, ऑस्करलाही तसंच होतं.

सोहळ्याची वाक्यं तयार मिळतात. 1989पासून ऑस्करच्या मंचावर ‘द विनर इज’ऐवजी ‘द ऑस्कर गोज टू’ म्हणायला लागले, हरणारा कुणी ठरू नये म्हणून. आपल्याला त्यातला ‘गोज’ फुकट मिळतो. भाषणाला तिथे 45 सेकंद असतात. वर्गातही तेवढीच द्या, पण शब्द 50 ते 60 धरा, आणि कागद हातात देऊ नका, फक्त चार मुद्द्यांची चिठ्ठी. पाठ केलेलं भाषण तिसऱ्या वाक्यावर अडकतं आणि मूल पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. चिठ्ठीवर ‘थँक’ शब्दाखाली तीन माणसं लिहायला लावा आणि प्रत्येकासाठी ‘फॉर हेल्पिंग’, ‘फॉर टीचिंग’ असं एक कारण. ‘थँक्स टू हेल्प मी’ ही चूक इथेच पकडायची असते.

वेळ उरला तर एक लिफाफा मुद्दाम चुकीचा ठेवा. 2017च्या ऑस्करला खरंच तसं झालं होतं. नायिकेच्या पुरस्काराच्या लिफाफ्याची दुसरी प्रत निवेदकांच्या हाती पडली, ‘ला ला लँड’चं नाव पुकारलं गेलं, भाषणं सुरू झाली, आणि मग खरा विजेता ‘मूनलाइट’ असल्याचं सांगावं लागलं. वर्गात हे फक्त निवेदक आणि मोजणारे यांना माहीत असू द्या. ‘आय ॲम सॉरी, देअर हॅज बीन अ मिस्टेक’ हे वाक्य निवेदकाला आणि ‘प्लीज कम अप, दिस इज युअर्स’ हे चुकून पुढे आलेल्या गटाला आदल्या दिवशी नाही, त्याच क्षणी कानात सांगा.