न्हाणीघरातला गिझर बदलण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका सकाळी आई आंघोळ करून बाहेर आली आणि म्हणाली, की शॉवरच्या नळाला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात. पाणी तापले की गिझर बंद करायचा आणि मगच न्हाणीघरात पाऊल टाकायचे, ही तिची कधीही न चुकणारी सवय आहे. गिझर बंद असताना झिणझिण्या येणार कशा, तिला भास झाला असेल, असे मी त्या दिवशी म्हणालो. माझे म्हणणे सपशेल चुकीचे होते. बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी या भागांत आमच्यासारखी जुन्या वायरिंगची घरे पुष्कळ आहेत आणि बंब काढून शॉवरच्या डोक्यावर गिझर बसवलेली न्हाणीघरेही पुष्कळ आहेत, म्हणून आमच्या घरी काय आढळले ते सविस्तर लिहीत आहे.

आमचा गिझर तीन लिटरचा, तीन किलोवॉटचा, इन्स्टंट प्रकारचा होता. २३० व्होल्टवर तो साधारण १३ अँपिअर प्रवाह ओढतो, म्हणजे १६ अँपिअरच्या सॉकेटच्या मर्यादेच्या बऱ्याच जवळ असतो. प्लग उपसून पाहिला तेव्हा एक पिन काळी पडली होती आणि तिच्याभोवतीचे प्लास्टिक मऊ होऊन वाकले होते. सॉकेटची पकड सैल झाली की त्या जागी उष्णता साठत जाते आणि दमट न्हाणीघरात हे अधिक लवकर घडते. गिझर जुना झाला आहे, नवा आणून त्याच जागी टांगावा, एवढाच विचार तोवर माझ्या मनात होता. ओळखीच्या एका वायरमनमामांना बोलावले, आणि त्यांनी नवा गिझर खोक्यातून बाहेर काढण्याआधी जुन्या जोडणीची तपासणी सुरू केली.

पहिली गोष्ट सापडली ती स्विचमध्ये. आमच्या बोर्डावरचा स्विच फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरवर नव्हता; न्यूट्रलवर, म्हणजे ती परत नेणाऱ्या वायरवर होता. असा स्विच बंद केला की पाणी तापणे थांबते, दिवा विझतो, आणि सगळे बंद झाले असे वाटते. पण फेज एलिमेंटपर्यंत, म्हणजे पाणी तापवणाऱ्या भागापर्यंत, पोहोचलेलीच राहते. एलिमेंटची तार तांब्याच्या नळीत, मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत बसवलेली असते. बोअरच्या जड पाण्याने नळीवर क्षार चढतात, नळी जास्त तापते, गंजते, तिला बारीक चीर जाते, आणि त्या चिरेतून आत शिरलेल्या पाण्यावाटे प्रवाह गिझरच्या टाकीत व पाण्यात झिरपू लागतो. आई स्विच बंद करून आत जात होती, आणि तरीही तो प्रवाह तिच्या नळापर्यंत येत होता. तिला भास झालेला नव्हता.

मग हे इतकी वर्षे कसे जाणवले नाही? याचे उत्तर विजेत नव्हते, नळकामात होते. दोन वर्षांपूर्वी आम्ही गंजलेले जीआय पाइप काढून सीपीव्हीसीचे पाइप घातले. जुने लोखंडी पाइप भिंतीतून थेट जमिनीत जात होते, त्यामुळे गळणारा प्रवाह नकळत त्यांच्यावाटे मातीत उतरत होता. प्लास्टिकचे पाइप आल्यावर ती वाट तुटली. गिझर, त्याला जोडलेल्या स्टीलच्या जाळीच्या नळ्या आणि शॉवरचा पितळी नळ एवढाच धातूचा तुकडा अधांतरी उरला, आणि त्याला जमिनीकडे नेणारा पहिला मार्ग माझ्या आईचा हात ठरला. पाइपवर अर्थिंगसाठी, म्हणजे गळणारा प्रवाह जमिनीत उतरवण्यासाठी, विसंबणे केव्हाही चूकच आहे. परंतु ज्यांनी अलीकडे नळकाम बदलून घेतले आहे, त्यांनी अर्थिंगची तपासणी पुढे ढकलू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अर्थिंगच्या बाबतीत मी निर्धास्त होतो. सॉकेटला तिसरे भोक होते, त्यात हिरवी वायर होती, आणि मल्टिमीटरवर फेज व अर्थ यांच्यामध्ये २३० व्होल्ट दिसत होते. मी तो आकडा मामांना अभिमानाने दाखवला. ते म्हणाले, "मीटर दोनशेतीस दाखवतंय म्हणून अर्थ चांगला हाय, असं समजू नका की हो." मल्टिमीटर चालायला अगदी नगण्य प्रवाह लागतो, त्यामुळे गंजलेल्या, सुकलेल्या अर्थिंगमधूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. खरी परीक्षा अर्थ टेस्टरने होते. त्यांनी तो लावला आणि रोध आला ११० ओम. त्याचा हिशेब मी वहीत मांडला. फेज थेट टाकीला टेकली, तरी २३० भागिले ११० म्हणजे सुमारे दोन अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. भार जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या वीस अँपिअरच्या एमसीबीला दोन अँपिअर म्हणजे नेहमीचाच भार, ती कधीही पडणार नाही, आणि टाकी विजेने भारलेलीच राहील.

इथेच आरसीसीबीचे, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचचे, काम येते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही हे ती पाहते, आणि घरगुती प्रकारात तीस मिलिअँपिअरची तफावत येण्याच्या आत पुरवठा तोडते. साधारण दहा मिलिअँपिअरच्या पुढे हाताची पकड सुटेनाशी होते आणि त्याहून वाढलेला प्रवाह हृदयाची लय बिघडवू शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे तीस हा आकडा का निवडला असेल ते कळते. आमच्या मीटर बोर्डावर पूर्वी आरसीसीबी होती. ती सारखी पडते म्हणून एका कारागिराने ती बाजूला करून वायर सरळ जोडून दिली होती, आणि मीही त्याला मान्यता दिली होती. त्या निर्णयाचे मला आजही वाईट वाटते. ती पडण्याचे कारण मामांना तासाभरात सापडले. इन्व्हर्टर बसवताना त्याच्या लाइनचा न्यूट्रल घराच्या दुसऱ्या न्यूट्रलला जोडला गेला होता, त्यामुळे गेलेला प्रवाह दुसऱ्या वाटेने परतत होता आणि आरसीसीबीला तफावत दिसत होती.

त्याच इन्व्हर्टरने आणखी एक धडा दिला. मेन स्विच पाडल्यावरही न्हाणीघराच्या बोर्डावर वीज आहे का ते दाखवणारा साधा टेस्टर पेटला, कारण तिथला दिवा इन्व्हर्टरच्या लाइनवर होता. पावसाळ्यात वीज वारंवार जाते म्हणून आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आहेत. तेव्हा मेन बंद म्हणजे घर बंद, असे धरून कुणीही बोर्ड उघडू नये. टेस्टर आधी चालू असलेल्या पॉइंटवर पाहावा, मग कामाच्या जागी, आणि पुन्हा चालू पॉइंटवर. मधल्या वेळेत टेस्टरच बिघडला असेल तर ते अशानेच समजते.

प्रत्यक्ष गिझर बदलायला दोन तास पुरले. मीटर बोर्डापासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणली, फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारी वीस अँपिअरची एमसीबी न्हाणीघराच्या बाहेर बसवली, तिच्या आधी आरसीसीबी घातली, आणि आयएसआय चिन्ह असलेला पंधरा लिटरचा, दोन किलोवॉटचा गिझर टांगला. गरम नळातून पाण्याची सलग धार येईपर्यंत मामांनी बटणाला हात लावू दिला नाही, कारण रिकाम्या टाकीत एलिमेंट जळते. परसात अर्थिंगचा नवा पाइप पुरला. आमची तांबडी, मुरमाड जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते, त्यामुळे मार्चपासून त्या खड्ड्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओतायचे ठरले आहे. आरसीसीबीचे टेस्टचे बटण दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आई स्वतः दाबते.

माडीवरच्या न्हाणीघराचे काम अजून व्हायचे आहे. तिथलाही स्विच न्यूट्रलवरच निघाला. मामांना दिवाळीनंतरची वेळ मिळाली आहे; तोवर त्या गिझरच्या दोन्ही वायरी सोडवून ठेवल्या आहेत आणि माडीवरची मंडळी खालच्या बंबातले पाणी बादलीने वर नेत आहेत.