जुनी राजदूत भंगारात द्यायच्या आधी सिलिंडर मोजा

ठाण्यात नौपाड्यात, पाचपाखाडीत, नवी मुंबईत वाशीच्या जुन्या सेक्टरांत इमारती पुनर्विकासाला जात आहेत. फळ्यावर नोटीस लागते: पार्किंग रिकामं करा. मग जिन्याखाली ताडपत्री पांघरून वर्षानुवर्षं उभी असलेली बाईक बाहेर येते आणि घरातलं कुणीतरी भंगारवाल्याला फोन करतं, "जुनी राजदूत आहे, घेऊन जा."

घोटाळा इथेच होतो, कारण राजदूत नावाच्या गाड्या एकाच जातीच्या नव्हत्या. खेडोपाडी दुधाचे कॅन वाहून नेणारी राजदूत 173 सीसीची, एका सिलिंडरची होती. पोलंडच्या एसएचएल एम 11 वरून घेतलेली, दणकट आणि संथ. दुसरी राजदूत 350. तिच्या टाकीवरचं नाव तेच, पण आत यामाहा आरडी 350 चं इंजिन: 347 सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. आरडी म्हणजे रेस डेव्हलप्ड. जपानमध्ये हे मॉडेल 1973 मध्ये आलं आणि 1975 नंतर थांबलं. आपल्याकडे राजदूत बनवणाऱ्या एस्कॉर्ट्स कंपनीने ते 1983 मध्ये आणलं, तेव्हा रस्त्यावर त्या ताकदीचं दुसरं काही नव्हतं. अमेरिकेत लोक धान्याच्या कोठारात धूळ खात पडलेल्या मसल कार शोधतात. आपल्याकडे त्या तोडीचं काही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडायचं असेल, तर ते हेच.

तेव्हा ती चालली नाही, याचं कारण सरळ आहे. पेट्रोल खूप प्यायची, सुटे भाग महाग होते आणि 1985 मध्ये हिरो होंडा सीडी 100 आल्यावर लोकांचं सगळं गणित मायलेजवर येऊन थांबलं. अनेक गाड्या क्लच किंवा पिस्टन गेल्यावर उभ्या राहिल्या त्या कायमच्या. आज यामाहा आरएक्स 100 ची किंमत शेंबडं पोरही सांगेल, पण कोपऱ्यातली आरडी ओळखणारे थोडेच. चांगल्या अवस्थेतल्या आरडीची किंमत लाखांत जाते आणि भंगारात तिचं फक्त वजन होतं.

ओळखायला दोन मिनिटं पुरतात. समोरून पाहा. इंजिनातून दोन एक्झॉस्ट पाइप निघत असतील आणि दोन्ही बाजूंना सायलेन्सर असतील, तर 350. स्पार्क प्लग दोन, कार्बोरेटर दोन, हँडलवर स्पीडोमीटरच्या शेजारी आरपीएम मीटर. टू-टी ऑइलची (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जळणाऱ्या तेलाची) वेगळी टाकी आणि इंजिनाच्या उजव्या कव्हरमागे ऑइल पंप. पुढचा ब्रेक डिस्क असेल तर तो नंतर कुणीतरी बसवलेला आहे, कारण राजदूत 350 कंपनीतून ड्रम ब्रेकवरच आली.

पुढचा प्रश्न नेहमीचा: एचटी की एलटी? सुरुवातीच्या हाय टॉर्क गाड्या 30.5 बीएचपीच्या होत्या. 1985 च्या सुमारास मायलेज वाढावं म्हणून ताकद दाबून 27 बीएचपीवर आणली, त्या लो टॉर्क. (मूळ जपानी आरडीची ताकद 39 होती.) एचटीला भाव जास्त मिळतो. पण आरसी बुकावर 1984 आहे म्हणून समोरचं इंजिन एचटीच आहे असं धरून चालू नका. चाळीस वर्षांत सिलिंडर, सायलेन्सर, कधी अख्खं इंजिनच बदललेलं असतं. चासी नंबर हँडलखाली, फ्रेमच्या मानेवर उजव्या बाजूला ठोकलेला असतो आणि इंजिन नंबर क्रँककेसवर. दोन्ही रॉकेलच्या फडक्याने पुसून आरसीशी ताडून पाहा. आकडे घासलेले वाटले तर व्यवहार तिथेच थांबवा. सँडपेपर मात्र चुकूनही लावू नका, कारण गंज काढताना नंबरही पुसट होतो.

नंबरप्लेटही बरंच सांगते. एमएच-04 वगैरे मालिका 1989 च्या सुमारास आल्या, त्यामुळे त्याआधी महाराष्ट्रात नोंदलेल्या आरडीवर जुना तीन अक्षरी नंबर असतो. एमएच-43 दिसला तर कान टवकारा. नवी मुंबईची ती मालिका आरडीचं उत्पादन थांबल्यानंतर कित्येक वर्षांनी सुरू झाली, म्हणजे गाडीची नोंद इथे बऱ्याच उशिरा झालेली आहे. तिचा आधीचा इतिहास आणि परराज्यातून आली असेल तर एनओसी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

कागदांचं थोडक्यात. मूळ मालक हयात नसतील तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म 31, साध्या विक्रीसाठी 29 आणि 30, आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार करून फॉर्म 26. पंधरा वर्षं उलटल्यावर फॉर्म 25 भरून, गाडी आरटीओत दाखवून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते. जुनं आरसी पुस्तक संगणकावर चढलेलं नसेल तर आधी बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते आणि सगळ्यांत जास्त खेटे याच कामाला पडतात. दिल्लीतल्या पंधरा वर्षांच्या बंदीचा नियम इथे लागू नाही, त्या भीतीने कुणी गाडी मोडीत काढू नये. व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांची लागते, त्यामुळे 1983 च्या राजदूतलाही 2033 पर्यंत थांबावं लागेल.

गाडी सापडल्याची बातमी पसरली की "फक्त कार्बोरेटर द्या", "मीटरचा सेट द्या" असे फोन येतात. देऊ नका. कार्बोरेटरची जोडी, ऑइल पंप, मीटर, साइड पॅनल, टाकीवरचे बॅज आणि मूळ सायलेन्सर हे पुन्हा जमवणं इंजिन बांधण्यापेक्षा अवघड आहे. सायलेन्सर गंजून भोक पडलेले असले तरी सांभाळा, पत्रा जोडता येतो. आधीच्या मालकाने ऑइल पंप काढून तिथे पट्टी मारली असेल, तर तो भाग त्याच घरात, एखाद्या डब्यात असण्याची शक्यता असते. डबे टाकण्यापूर्वी विचारा.

आता इंजिन. पहिली चूक सगळे एकच करतात: किकवर उभं राहतात. खाडीच्या दमट, खारट हवेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत पिस्टन रिंग सिलिंडरला गंजाने धरलेल्या असतात. जोर लावला तर रिंग तुटते, नाहीतर किकच्या गिअरचे दात जातात. दोन्ही प्लग काढा, प्रत्येक भोकातून 15-20 मिलिलिटर डिझेल आणि टू-टी ऑइल निम्मंनिम्मं ओता आणि दोन-तीन दिवस तशीच ठेवा. मग किक हाताने दाबून पाहा. हलली नाही तर पुन्हा ओता, पुन्हा थांबा. आठवड्यानंतरही जाम असेल तर हेड आणि सिलिंडर उतरवावेच लागतात.

सिलिंडर उतरवले की मोजूनच घ्या. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 64 मिलिमीटर आणि ओव्हरसाइज पिस्टन 0.25 च्या टप्प्याने 1 मिलिमीटरपर्यंत. ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात बोअरिंग-होनिंगची चांगली कामं होतात, पण पिस्टन आधी हातात घ्या आणि त्याच्या मापाने बोअर करून घ्या. उलट केलं तर फट कमी-जास्त होते आणि नवं इंजिन पहिल्याच दिवशी सीझ होतं. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधले रीड व्हॉल्व्ह (मिश्रण फक्त आत जाऊ देणाऱ्या पातळ पाकळ्या) उजेडाकडे धरा. पाकळी आणि बैठकीमध्ये उजेड दिसला किंवा पाकळीच्या टोकाला चीर असली तर बदला, तुटलेला तुकडा थेट इंजिनात ओढला जातो.

टाकीतलं जुनं पेट्रोल फेकून द्या. आत गंज असेल तर टाकी पांढऱ्या व्हिनेगरने भरून एक दिवस ठेवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि लगेच पेट्रोल-ऑइलने खंगाळा. ओली राहिली तर रातोरात पुन्हा गंजते. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये जुने रबरी पाइप आणि कॉकचे वॉशर फुगतात, ते सगळे नवे घाला.

इग्निशन बॅटरीवर चालतं. बारा व्होल्टची बॅटरी मेलेली असेल तर कितीही किक मारा, ठिणगी पडणार नाही. चांगली इंजिनं निव्वळ या कारणाने "गेलेली" ठरतात. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचे सेट दोन, गॅप 0.30 ते 0.40 मिलिमीटर, आणि टायमिंग प्रत्येक सिलिंडरचं वेगळं, प्लगच्या भोकात डायल गेज लावून. डोळ्यांनी लावलेलं टायमिंग पुढे गेलं तर पिस्टनला भोक पडतं.

पहिल्यांदा चालू करताना एकट्या ऑइल पंपावर भरवसा नको. लाइनमध्ये हवा असते, ती ब्लीड स्क्रूमधून आधी काढा, आणि तरीही पहिल्या दोन लिटर पेट्रोलमध्ये 80 मिलिलिटर टू-टी ऑइल मिसळा. गाडी चालू झाली की दोन्ही एक्झॉस्ट पाइपवर पाण्याचा थेंब टाका. एकावर चरचरला आणि दुसऱ्यावर नुसता ओघळला, तर एकच सिलिंडर चालतोय.

सुरुवातीचा धूर सायलेन्सरमधल्या जुन्या तेलाचा असतो, तो निवतो. पांढरा धूर निवलाच नाही आणि गिअर ऑइलची पातळी उतरत गेली, तर उजवीकडचं क्रँक सील (क्रँकच्या टोकाचं रबरी सील) गेलंय आणि इंजिन गिअर ऑइल पितंय. डावं सील गेलं तर धूर येत नाही, म्हणून ते जास्त घातक. तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, आयडल आपोआप चढतं आणि वेगात पिस्टन धरतो. खात्रीसाठी इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून आत 6 पीएसआय हवा भरा. मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा जास्त दाब उतरत असेल तर साबणाच्या पाण्याने गळती शोधा. सील नवी पडेपर्यंत ही गाडी घोडबंदर रोडवर पळवू नका.