तुम्ही विचारलंत म्हणून: डेव्हलपमेंटमध्ये एमए करायचं, पण कुठे?

चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी परवा लिफ्टमध्ये गाठलं. "लेकीला इंटरनॅशनल डेव्हलपमेंटमध्ये एमए करायचंय म्हणते. तू केलंयस ना तसलंच काहीतरी? परदेशी पाठवावं की इथेच टाटा इन्स्टिट्यूटला, त्या टिसला? आणि पुढे नोकरी कसली लागते गं?" तळमजला येईपर्यंत मी "सांगते नंतर" एवढंच म्हणू शकले. हाच प्रश्न ऑफिसातल्या इंटर्न मुली विचारतात, मावसभावाचे मित्र विचारतात, एकदा तर बँकेत लोनचा हप्ता भरायला गेले तेव्हा काउंटरपलीकडच्या बाईंनी विचारला होता. म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

आधी नावाचा घोळ. मुंबईत डेव्हलपर म्हणजे बिल्डर. आमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटची बोलणी कित्येक वर्षं चालली आहेत आणि मी डेव्हलपमेंट शिकून आले म्हटल्यावर काकूंच्या यजमानांनी मला जनरल बॉडीच्या मीटिंगला मुद्दाम बोलावलं होतं. कार्पेट एरियाबद्दल मला काडीचं कळत नाही हे समजल्यावर त्यांचा जो हिरमोड झाला, तो अजून जिन्यात भेटले की दिसतो.

विषय साधारण असा: काही देश, काही वस्त्या गरीब का राहतात आणि ते बदलायला सरकारं, बँका, संस्था जे काही करतात त्याचं प्रत्यक्षात काय होतं. २० जानेवारी १९४९ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी शपथविधीच्या भाषणात 'अविकसित' देशांना मदत करण्याची भाषा केली, तिथून या सगळ्या खटाटोपाची सुरुवात धरतात. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, थोडं मानववंशशास्त्र, अशी ही मिसळ. आणि प्रत्येक ठिकाणची तर्री वेगळी. पदवीवर एकच नाव असतं म्हणून मुलं फसतात ती इथेच.

हार्वर्डचा दोन वर्षांचा कोर्स घ्या. त्याच्या नावात 'इंटरनॅशनल डेव्हलपमेंट' आहे, पण कॅल्क्युलस आणि अर्थशास्त्र पक्कं नसेल तर तिकडे अर्जही करू नका. लंडनच्या सोआसला किंवा ब्रायटनजवळ ससेक्सच्या आयडीएसला (ही विकास अभ्यासाची संस्था १९६६ची) गणित दूर राहतं. तिथे 'विकास म्हणजे नेमका कोणाचा' इथून भांडण सुरू होतं. ऑक्सफर्डचं एमफिल दोन वर्षांचं आहे, पण इंग्लंडातले बाकीचे बहुतेक कोर्स एका वर्षात आटोपतात. त्यातला शेवटचा उन्हाळा प्रबंधात जातो. थंडीची सवय होईतो परत यायची वेळ.

परदेश सोडा, मुंबईतच तीन वेगवेगळ्या तऱ्हा आहेत. देवनारला बस डेपोसमोर टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. १९३६ साली ही संस्था नागपाड्यात सुरू झाली, समाजकार्य शिकवायला. विकास अध्ययनाचं एमए आता तिथे आहे आणि प्रवेश सीयूईटी-पीजी या देशभरच्या सामाईक परीक्षेतून होतो. गोरेगावला फिल्म सिटीच्या रस्त्यावर आयजीआयडीआर, म्हणजे इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, रिझर्व्ह बँकेने १९८७ला काढलेली. तिथलं एमए अर्थशास्त्राचं, आकडे आवडणाऱ्यांचं. आणि पवईला आयआयटीत सितारा, ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं केंद्र. तिथे इंजिनिअर मुलं एमटेक करतात, गावात जाऊन राहतात, पाण्याच्या योजनांचे हिशेब मांडतात. मुंबईबाहेर ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारं आणंदचं इर्मा आहे, बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे. घरची परिस्थिती बेताची असेल तर अझीम प्रेमजीची फीसवलत आधी बघा.

मी स्वतः नेदरलँड्सला गेले, हेगच्या आयएसएसमध्ये, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीजमध्ये. १९५२ची संस्था, आता रॉटरडॅमच्या इरॅस्मस विद्यापीठाचा भाग. माझ्या वेळी कोर्स साडेपंधरा महिन्यांचा होता. पण तिथे मी बीए झाल्या झाल्या गेले नाही, आणि काकूंच्या लेकीला मला मुख्यतः हेच सांगायचंय.

आधी तीन वर्षं मी मानखुर्दला एका संस्थेत होते. पहिल्याच महिन्यात सर्व्हेचे फॉर्म हातात दिले. एक रकाना होता 'पाण्याचा स्रोत', त्यापुढे चौकटी: नळ, टँकर, विहीर, इतर. मी गल्लीत घरोघर विचारत गेले, सगळ्यांनी "नळ" सांगितलं, मी नळावर टिक मारत गेले. दुपारी एका घरासमोर सावलीला बसले तेव्हा तो नळ पाहिला. नळ नव्हताच. पलीकडच्या गल्लीतल्या एकाच्या कनेक्शनला जोडलेला निळा पाइप गटाराच्या काठाकाठाने येत होता, जोडावर सायकलची ट्यूब बांधलेली. पहाटे पाणी यायचं, बायका रांगेत गॅलन लावायच्या आणि गॅलनमागे पैसे द्यायच्या. माझ्या फॉर्मप्रमाणे मात्र सबंध गल्लीला नळाचं पाणी होतं! सगळ्या टिका खोट्या नव्हत्या, पण खऱ्याही नव्हत्या. पुढे कळलं की झोपडी ठरावीक तारखेनंतरची असेल तर पालिका कनेक्शनच देत नसे. पाणी हक्क समिती हायकोर्टात गेली आणि डिसेंबर २०१४ला कोर्टाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही.

तो रकाना माझ्या डोक्यातून गेला नाही. हेगला अर्ज केला तेव्हा पहिल्या मसुद्यात मी 'मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे' छापाची दोन पानं लिहिली होती. संस्थेतल्या ताईंनी वाचली, पेन्सिलीने सगळ्यावर एक तिरकी रेघ ओढली आणि म्हणाल्या, "त्या पाइपाचं लिही." लिहिलं. आता मी दुसऱ्यांचे मसुदे वाचते तेव्हा माझीही पेन्सिल तशीच चालते.

हेगला काय मिळालं? प्राध्यापक चांगले होते, ग्रंथालय तर फारच. पण खरी शाळा म्हणजे वर्गात शेजारी कोण बसतं. आमच्या वर्गात युगांडाचा एक सरकारी अधिकारी होता, कोलंबियाची एक वकील होती आणि इथिओपियाचा एक जण. तो त्यांच्याकडच्या २००५ला सुरू झालेल्या मोठ्या योजनेत काम करून आला होता. दुष्काळी भागात लोकांना काम द्यायचं, बदल्यात धान्य किंवा पैसे. त्याने वर्गात ती समजावून सांगितली आणि मी म्हटलं, अरे, हे तर आमच्याकडचं दुष्काळी काम!

माझं आजोळ सांगोल्याचं. १९७२च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची त्याचं ती अजून सांगते, आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी: "भाकरी थापता थापता फाटायची गं." त्या दुष्काळातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. २००५चा देशाचा रोजगार हमी कायदा, मनरेगा, पुष्कळसा तिच्यावरून बेतलेला. एवढं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हेगच्या ग्रंथालयात, बाहेर पाच वाजता अंधार पडलेला असताना वाचलं: रोजगार हमीला पैसा कुठून आणायचा, म्हणून महाराष्ट्राने १९७५ला पगारदारांवर व्यवसाय कर बसवला.

व्यवसाय कर म्हणजे प्रोफेशन टॅक्स. बाबांच्या पगाराच्या चिठ्ठीवर पीएफच्या खाली छापलेली ती ओळ मी लहानपणापासून बघत आलेय. पी.टी. दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. फेब्रुवारीत का जास्त, यावर बाबा दरवर्षी करवादायचे. मुंबईतल्या पगारातून कापले जाणारे ते पैसे ज्या योजनेसाठी होते, त्या योजनेच्या पाझर तलावावर माझी आजी पुढे कित्येक उन्हाळे माती वाहत होती. जावयाच्या पगारातून सासूची मजुरी, आणि घरात कोणालाच पत्ता नाही. मी त्याच रात्री फोन केला. बाबा म्हणाले, "मग सांगायचं ना त्यांनी तसं चिठ्ठीवर."

हे इथे राहून कळलं नसतं का? कळलं असतं, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात सगळं पडलंय. पण इथिओपियाच्या माणसाने त्यांची योजना सांगितली नसती तर मी शोधायला गेले नसते. म्हणून परदेशी जायचंच असेल तर रँकिंग बघण्याआधी वर्गात कोण कोण असतं ते विचारा. सगळे बाविशीतले आणि थेट कॉलेजातून आलेले असतील तर तेवढ्यासाठी कर्ज काढू नका. टिसमध्येही चांगली मुलं भेटतील, आणि डेपोसमोरून घरची बस आहे.

पैशांचं. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती सगळा खर्च उचलते, पण अर्जाआधी २,८०० तास काम केलेलं लागतं, म्हणजे साधारण दोन वर्षं, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२पासून मुंबईतूनच चालते, पण ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, फेडावी लागते, हे पुष्कळांना मुलाखतीच्या दिवशी कळतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज वेगळी. कागदपत्रांचा ढीग लागतो, उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता आधीच काढून ठेवा. दादरच्या एका एजंटने मला पाच विद्यापीठांची यादी दिली होती, फुकट. मी हेगचं नाव काढलं तर म्हणाला, "तिकडे स्कोप नाही." त्याला कमिशन विद्यापीठांकडून मिळतं हे मला नंतर कळलं, आणि हेग त्याच्या यादीत का नव्हतं तेही.

नोकरीचं मात्र गोड बोलणार नाही. मी शिकत होते तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलांना अमेरिकेच्या यूएसएड किंवा ब्रिटनच्या डीएफआयडी या सरकारी मदतसंस्थांत जायचं होतं. डीएफआयडी २०२०ला परराष्ट्र खात्यात विरघळली. यूएसएड २०२५ला बंद झाली. ब्रिटनने मदतीचं प्रमाण २०२७पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यावर आणायचं जाहीर केलंय. एके काळी ते ०.७ होतं. शिकून तिकडेच दोन वर्षं नोकरी शोधायची सवड ब्रिटन देत असे, तीही २०२७पासून दीड वर्षावर येतेय. इथे परदेशी देणग्यांचा कायदा २०२०ला आवळला गेला. एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, आणि प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आत. लहान संस्थांचे पगार तिथेच अडले.

मग पैसा आहे कुठे? कंपन्यांकडे. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं, आणि त्या कंपन्यांची ऑफिसं लोअर परळ नि बीकेसीला आहेत. तिथे मुलाखतीत ट्रूमनबद्दल कोणी विचारत नाही. एक्सेल येतं का, जव्हारला चार दिवस राहाल का, आणि ग्रामसेवकाशी मराठीत बोलून त्याचा इंग्रजीत अहवाल लिहाल का, हे विचारतात. इंग्रजी शाळेतली मुलं तिसऱ्या प्रश्नाला अडखळतात. मला स्वतःला परत आल्यावर पहिली नोकरी मिळायला सात महिने लागले आणि पहिली दोन वर्षं निम्मा पगार लोनच्या हप्त्यात गेला. आईने तेव्हा एका शब्दाने विचारलं नाही, पण भाजीवाल्याशी तिची घासाघीस वाढली होती.

तर काकू, लेकीला म्हणावं, यंदा अर्ज नको. शनिवारी सकाळी साडेसहाला मानखुर्द स्टेशनला ये, पूर्वेच्या तिकीट खिडकीपाशी. चपला जुन्या घाल, गल्लीत पाणी साचलेलं असतं. दोन वर्षांनी अर्जाचा मसुदा पाठव, मी वाचीन. फक्त ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नको, तेव्हा सगळ्यांचेच येतात.