तमाले : डिसेंबरचा घाणा

यंदा तमालेसाठी (मक्याचं पीठ, आत सारण, मक्याच्या पानात गुंडाळून वाफवायचं) तयार पिठाची, म्हणजे मासा हारिनाची, पिशवी फोडायची नाही, हे नवऱ्याला ऑक्टोबरातच सांगून टाकलं होतं. ते पीठ वाईट नसतं. इथे टेक्सासात, सॅन अँटोनियोत आमच्या ओळखीतली बहुतेक घरं त्यावरच चालतात. पण माझ्या स्पॅनिशभाषिक सासूबाईंची आई मका घरीच शिजवून दळायची. ती चव आठवणारं माणूस घरात आहे तोवर शिकून घ्यावं म्हटलं.

प्रमाण आता बसलंय. १ किलो वाळलेला पांढरा मका, ३ लिटर पाणी, १० ग्रॅम खाण्याचा चुना (मेक्सिकन दुकानात ‘काल’ म्हणून मागा). मंद आचेवर पाऊण तास, मग झाकून रात्रभर. सकाळी पाणी पिवळंजर्द, वास नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीचा. दाणा चिमटीत चोळला की साल निसटते. तोर्तियासाठी, म्हणजे मक्याच्या पोळीसाठी, थोडी साल राहिली तरी चालते, तमालेसाठी मी खळखळून धुते. मक्यातलं नायसिन (एक ब जीवनसत्त्व) अंगी लागतं ते या चुन्यामुळे. मका युरोपात गेला, ही रीत काही गेली नाही. उत्तर इटलीत मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिन कमी पडल्याने होणारा आजार, झाला तो त्यापायी.

दळणाचं म्हणाल तर वेट ग्राइंडरला पाणी घालावंच लागतं आणि पीठ सैल होतं. तमालेला रवाळ हवं, त्याला हाताने फिरवायची लोखंडी चक्कीच बरी. दंड भरून येतात, ते सोडा.

१ किलो पिठाला ३०० ग्रॅम डुकराची चरबी. आधी ती नुसतीच फेटून हलकी करायची, मग पीठ, मीठ आणि मांस शिजवलेलं पाणी. गोळी पाण्यात टाकून तरंगली की झालं. आई पुण्याहून आलीय. तिच्यासाठी लोण्यातलं पीठ वेगळं काढलं, आत भाजलेल्या पोब्लानो मिरच्या आणि चीज.

सासूबाईंच्या लहानपणी टेक्सासच्या शाळांत स्पॅनिश बोललं की शिक्षा व्हायची. वर्गात इंग्रजीच, हा कायदा १९१८चा. द्विभाषिक शिक्षणाचा केंद्रीय कायदा यायला १९६८ उजाडलं. मुलांना तो जाच नको म्हणून त्यांनी घरात इंग्रजीच ठेवली. नवऱ्याला स्पॅनिश कळते, बोलताना अडखळतो. पण हात पिठात गेले की सासूबाईंच्या तोंडून इंग्रजी निघतच नाही. ‘मास मान्तेका!’ (अजून चरबी!) ‘एचाले साल!’ (मीठ घाल!) माझी लेक आता चक्कीपाशी उभी राहून मला तस्सेच हुकूम सोडते. भाषेच्या कुठल्याही ॲपपेक्षा हे लवकर मुरतं, असं माझं मत. आईने मक्याचं भिजवलेलं पान खरखरीत बाजू वर करून धरलं, तर सासूबाईंनी ‘आसी नो’ (असं नाही) म्हणत उलटून दिलं. पीठ गुळगुळीत बाजूवर पसरायचं असतं. आई म्हणाली, ‘अहो, आधी सांगायचं ना!’ पुढचा अख्खा टोप दोघींनी मिळून लावला.

६ जानेवारीला रोस्का दे रेयेस, म्हणजे आत बाहुलं लपवलेला गोल गोड पाव, कापायचा. ज्याच्या तुकड्यात बाहुलं निघेल, त्याने २ फेब्रुवारीला, कान्देलारियाच्या सणाला, सगळ्यांना तमाले घालायचे. बाहुलं कुणालाही निघो, रांधणार मीच, म्हणून निळा मका आत्ताच मागवलाय. तुमच्यापैकी कुणी केला असेल तर चुना किती घातलात आणि रंग कितपत टिकला, तेवढं कळवा.