मॉन्टिसेलोच्या डोंगरावर तीळ

"अगं, हा तीळ आहे," आई म्हणाली. मी अजून पाटी वाचायला वाकलेही नव्हते. कमरेच्या वर गेलेलं रोप, पांढरट-गुलाबी घंटेसारखी फुलं, त्याखाली खोडाला चिकटून उभी असलेली हिरवी बोंडं. तिने एका बोंडाला बोट लावलं आणि खालून वर मोजल्यासारखी नजर फिरवली. "अजून पंधरा-वीस दिवस. खालचं बोंड उकलायच्या आत कापायला हवं, नाहीतर सगळे दाणे इथेच मातीत जातील."

ही बाग होती अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसन याची. व्हर्जिनियात शार्लट्सव्हिलजवळ मॉन्टिसेलो नावाच्या डोंगरमाथ्यावर त्याचं घर आहे. आई जळगाव जिल्ह्यातली. सगळं आयुष्य शेतात गेलेलं. माझ्याकडे दोन महिन्यांसाठी पहिल्यांदाच आली होती. वॉशिंग्टनमधली स्मारकं बघून झाल्यावर ती म्हणाली, "दगड पुष्कळ बघितले. इथली माणसं पेरतात काय, ते दाखव." म्हणून सप्टेंबरातला एक शनिवार-रविवार आम्ही दोन अध्यक्षांच्या बागांसाठी ठेवला.

शनिवारी माउंट व्हर्नन केलं. पोटोमॅक नदीच्या काठावरचं हे जॉर्ज वॉशिंग्टनचं घर. नदीकडचा व्हरांडा सुंदर आहेच, पण आई रमली ती भाजीच्या बागेजवळच्या एका उघड्या बांधकामापाशी. दगडगोट्यांची जमीन, वर छप्पर, भिंती जवळपास नाहीतच. वॉशिंग्टनने १७८७ साली खत कुजवण्यासाठी ते बांधून घेतलं होतं. आता आहे ते त्याच जागी पुन्हा उभारलेलं. "उकिरड्याला छप्पर!" आई म्हणाली, "म्हणजे पावसाने कस वाहून जात नाही. शहाणा माणूस." अमेरिकेच्या राष्ट्रपित्याला आईने दिलेली ही पावती मला फार आवडली.

वॉशिंग्टनचं एक पत्र माझ्या मनातून जात नाही. १९ ऑगस्ट १७७६. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. इंग्रजांचं प्रचंड आरमार न्यूयॉर्कसमोर येऊन ठाकलेलं. आठच दिवसांनी लाँग आयलंडची लढाई होणार होती आणि त्यात वॉशिंग्टनच्या सैन्याचा दारुण पराभव होणार होता. अशा वेळी हा सरसेनापती घरचा कारभार बघणाऱ्या आपल्या नातेवाइकाला, लंड वॉशिंग्टनला, कळवतो आहे की घराच्या दोन्ही बाजूंना झाडी लावा, एका बाजूला नुसती लोकस्ट जातीची, दुसरीकडे तऱ्हेतऱ्हेची, विशेषतः फुलणारी झाडं, आणि ती आखीव ओळींत लावू नका. मी हे आईला सांगितलं. तिला त्यात नवल वाटलं नाही. "घरचं झाड आठवलं की माणूस तग धरतो," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोन-अडीच तास गाडी चालवून शार्लट्सव्हिल गाठलं. तिकीटघराजवळ गाडी ठेवायची आणि छोट्या बसने डोंगर चढायचा. घर बघताना बहुतेक लोक घुमटाकडे मान वर करून उभे असतात. आम्ही ते भराभर उरकलं आणि दक्षिणेच्या उतारावरच्या बागेत उतरलो.

उतार कापून तयार केलेली एक लांबच लांब पट्टी. हजार फूट लांब, ऐंशी फूट रुंद, खालच्या अंगाला दगडी बांध. त्याच्या मधोमध एक चौकोनी विटांची बैठक, चारी बाजूंनी खिडक्या. जेफरसन संध्याकाळी तिथे वाचत बसायचा. मूळची बैठक वादळात पडली, ही १९८४ साली जुन्या पायावर पुन्हा बांधली. बांधाखाली फळझाडं आणि त्यापलीकडे व्हर्जिनियाचं निळसर क्षितिज.

जेफरसनने १७६६ ते १८२४ अशी जवळपास अठ्ठावन्न वर्षं बागेची वही ठेवली. पहिली नोंद आहे जांभळा हायसिंथ फुलू लागल्याची. मग काय कधी पेरलं, कधी उगवलं, कधी ताटात आलं. बरंचसं "उगवलंच नाही", "मेलं" असंही. भाज्यांचे तीनशेहून अधिक वाण त्याने इथे लावून बघितले. लेट्यूसचं बी फेब्रुवारी ते सप्टेंबर दर सोमवारी सकाळी अंगुस्तानभर पेरायचं, असा त्याचा नियम होता. सगळ्यांत लाडका मटार. शेजाऱ्यांत दरवर्षी चढाओढ असे. ज्याच्या बागेतला मटार आधी तयार होईल, त्याने बाकीच्यांना जेवायला बोलवायचं. बहुतेकदा जॉर्ज डायव्हर्स हा शेजारी जिंकायचा. एका वर्षी जेफरसनचा मटार आधी आला, तर त्याने घरच्यांना गप्प बसवलं. मित्राला आपणच जिंकतो असं वाटू दे, त्यात जास्त आनंद आहे, म्हणाला. १८११ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्याने एका चित्रकार मित्राला लिहिलं की मी म्हातारा झालो असलो तरी माळी म्हणून अजून तरुणच आहे.

एका लाकडी मांडवावर जांभळ्या शेंगा लटकत होत्या. आई थांबली. "वाल!" खरंच वाल होता. खोड जांभळं, फुलं जांभळी, शेंग तर वांग्यासारखी चकाकणारी. जेफरसनच्या १८१२ च्या वहीत मांडवावर पांढऱ्या, लाल, किरमिजी, जांभळ्या घेवड्याच्या वेलांची नोंद आहे. आजचा मांडव त्या आठवणीने उभा केलेला. पुढे भेंडी होती, वांगी होती. आणि मग तो तीळ.

तिळाची गोष्ट जेफरसननेच लिहून ठेवली आहे. जानेवारी १८०८ मधल्या एका पत्रात तो सांगतो की आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात 'बेनी' नावाचं एक बी आणलं. त्याच्या तेलाची बाटली त्याला मिळाली, पाहुण्यांना सॅलडवर वाढली आणि सगळ्यांनी ते ऑलिव्ह तेलाच्या तोडीचं आहे असं सांगितलं. त्यानंतर तीळ या डोंगरावर आला. भेंडीही आफ्रिकेतलीच. ज्यांच्याकडून सगळं हिरावून घेतलं, त्यांची चव त्या माणसांसोबत समुद्र ओलांडून आली आणि मालकाच्या ताटात पोचली.

आईने वाफ्याच्या कडेचं ढेकूळ उचलून चुरगाळलं. काळ्या जमिनीची सवय असलेली ती या तांबड्या, चिकट मातीकडे बराच वेळ बघत राहिली. "एवढा उतार सपाट कोणी केला?"

मी तिला सांगितलं. एका शेतकऱ्याकडून भाड्याने आणलेल्या सात गुलामांनी, तीन वर्षं खपून. कुदळ, फावडं आणि गाडी. जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं मालकीची म्हणून बाळगली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्व माणसं समान जन्माला येतात हे वाक्य लिहिणारा माणूस तो हाच. मला त्याचं मटारवरचं प्रेम खरं वाटतं, आणि म्हणूनच हे जास्त सलतं. बीज उगवलं की नाही याची तारीख टिपणारा हात त्याच चोखपणे माणसांचीही यादी करत होता.

बागेच्या माळ्याचं नाव होतं वर्मली ह्यूज. झाडं लावणं, बी सांभाळणं, फुलांचे वाफे खणणं ही त्याची कामं. गुलामांच्या झोपड्यांभोवतीही परसबागा होत्या. रविवारी ते लोक आपल्या काकड्या, कोबी, कोंबड्या, अंडी घेऊन मालकाच्याच घरी विकायला येत, आणि जेफरसनची नात त्याचा हिशेब लिहून ठेवी. म्हणजे हजार फुटांची बाग असलेल्या घराला त्या चिमूटभर तुकड्यातली काकडी विकत घ्यावी लागत होती. आईला सगळ्यांत जास्त हेच लागलं. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून रात्री आपल्या दोन वाफ्यांना पाणी घालणारी माणसं तिने गावात पाहिली आहेत.

४ जुलै १८२६ रोजी जेफरसन गेला. कर्ज डोंगराएवढं. त्याची कबर वर्मली ह्यूजने खणली. पुढे वर्मलीला त्याच्या मर्जीने राहायची मोकळीक मिळाली. बायको अर्सुला आणि मुलं मात्र १८२७ च्या लिलावात उभी राहिली.

परतताना आम्ही बस घेतली नाही. झाडीतल्या पायवाटेने उतरलो. वाटेत लोखंडी कुंपणाआड जेफरसनची समाधी लागते. आई क्षणभर थांबली आणि चालू लागली. अगदी खाली, गाड्या लावतात तिथे जवळच, गुलामांची दफनभूमी आहे. झाडांखाली खोलगट झालेली जमीन, क्वचित कुठे न घडवलेला दगड. नावं नाहीत. जवळच अलीकडे एक स्मरणस्थळ केलं आहे, तिथे मात्र जेफरसनने गुलाम म्हणून बाळगलेल्या सहाशेहून अधिक माणसांची नावं कोरली आहेत.

आईने बूट काढून बाजूला ठेवले. तिला इंग्रजी वाचता येत नाही. "वाच," म्हणाली. मी वाचत गेले. ऊन उतरत होतं, वाहनतळावरून मुलांचा आवाज येत होता. वर्मली. अर्सुला. प्रत्येक नाव ती माझ्यामागून हळू उच्चारत होती.