सहा जागांचे पॉइंट

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा उन्हाळ्यात पुण्यात पहाटेचे साडेपाच झालेले असतात. आमच्या गेममधले खेळाडू कॉलेज निवडतात ते नेमके याच वेळी. त्या दिवशी मी पाचलाच उठून चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसले होते. रिक्रूटिंगचे नवे नियम पहिल्यांदाच चालू हंगामात उतरणार होते, आणि ते मी लिहिले होते.

गेम अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा. खेळणारा प्रत्येक जण एकेका कॉलेजचा कोच. सामने संगणक खेळवतो. कोचचं कसब लागतं ते शाळेतली चांगली पोरं हेरून आपल्याकडे वळवण्यात. तिकडे 1973 पासून कॉलेजांच्या खेळाचे तीन डिव्हिजन, म्हणजे स्तर, आहेत. पहिल्या डिव्हिजनमध्ये पुरुषांच्या संघाला वर्षानुवर्षं 13 पूर्ण शिष्यवृत्त्या होत्या. दुसऱ्यात 10, पण त्या तुकडे करून जास्त मुलांना वाटता येतात. तिसऱ्यात खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही. 2025 पासून पहिल्या डिव्हिजनचा हिशोब बदलला, आम्ही मात्र गेममध्ये जुनाच ठेवला आहे.

तिसऱ्या डिव्हिजनच्या कोचांची तक्रार जुनी होती. वरच्यांचं पोट भरेपर्यंत आम्ही नुसतं बघत बसायचं का? मला ती पटत होती. डंकन रॉबिन्सन हा खराखुरा खेळाडू विल्यम्स कॉलेजकडून 2014 मध्ये तिसऱ्या डिव्हिजनची अंतिम लढत खेळला, 2018 मध्ये मिशिगनकडून पहिल्या डिव्हिजनची. दोन्ही हरला, पण पुढे एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये पोचला. असा मुलगा सुरुवातीला खालच्या कॉलेजच्या हाती लागतो, ही शक्यता गेममध्ये असायलाच हवी होती. म्हणून मी नियम केला: कुठल्याही डिव्हिजनचा कोच असो, संघात जितक्या जागा रिकाम्या, तितक्यांमागे रोज सारखेच पॉइंट. ते पोरांशी बोलण्यावर, त्यांना भेटण्यावर खर्च करायचे. चाचणीत जागेमागचा खर्च तिन्ही डिव्हिजनमध्ये जवळपास सारखा आला, आणि मी समाधानाने सही केली.

साडेपाचला निकाल लागला. पहिल्या डिव्हिजनच्या तोडीची पोरं एकामागून एक तिसऱ्या डिव्हिजनच्या कॉलेजांत जात होती. एखाददुसरं असतं तर मला आनंदच झाला असता. पण यादी खाली सरकत राहिली आणि माझ्या हातातला चहा गार झाला.

टेस्टिंग बघणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, सरासरी सोड. एकच मुलगा घे आणि त्याच्यावर कुणी किती टाकलेत ते बघ."

बघितलं, आणि गोष्ट उघडी पडली. तिसऱ्या डिव्हिजनच्या एका संघात सहा जागा रिकाम्या होत्या. कोचने सहाही जागांचे पॉइंट त्या एकाच मुलावर ओतले होते. उरलेल्या पाच जागा तो शेवटी कुणीही घेऊन भरणार होता; त्या पातळीवर तशी मुलं मुबलक असतात. त्याच मुलाच्या मागे असलेला पहिल्या डिव्हिजनचा तळाचा संघ दोन जागांचा धनी. त्याने सगळं पणाला लावलं तरी तिसऱ्या हिश्शाएवढंच. जागेमागे समानता ठेवली खरी, पण जागा एकमेकींत मिसळू दिल्या, ही चूक माझी.

सकाळभर निरोप येत राहिले. पहिल्या डिव्हिजनच्या एका कोचने विचारलं, शिष्यवृत्ती हातात असताना मी हरलो कसा? उत्तर देताना मी लपवलं काही नाही. दुसरा निरोप ओहायोतल्या एका निवृत्त शिक्षकाचा. ते कित्येक वर्षं तिसऱ्या डिव्हिजनचं एकच कॉलेज चालवतात. त्यांनी लिहिलं होतं की इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा निकालाच्या वेळी छाती धडधडली.

दुपारच्या बैठकीत निकाल रद्द करायची सूचना आली. मी ठाम विरोध केला. कोचांनी नियम मोडला नव्हता, आम्ही दिलेलाच वापरला होता. ज्याने रात्र रात्र जागून हिशोब मांडला त्याचा खेळाडू काढून घेतला, तर उद्या आमच्या कुठल्याच नियमावर कुणी विसंबणार नाही. बरीच वादावादी झाली. शेवटी झालेली निवड तशीच ठेवायची, मात्र ज्यांची जागा हुकली त्या संघांना त्या हंगामापुरते जादा पॉइंट द्यायचे, असं ठरलं.

मग दुरुस्ती. एका मुलावर दिवसाला जास्तीत जास्त एका जागेचे पॉइंट, मग संघात रिकाम्या जागा कितीही असोत. शिवाय पहिल्या डिव्हिजनच्या तोडीचा मुलगा निवडीच्या पहिल्या फेरीत तिसऱ्या डिव्हिजनला होकार देणार नाही. पण त्या कोचने केलेलं बोलणं जमा राहील. दुसऱ्या फेरीपर्यंत वरून शिष्यवृत्ती आली नाही, तर ते सगळं त्याच्या पारड्यात पडेल. या दुसऱ्या भागासाठी मी हट्ट धरला. खालच्या कोचकडे द्यायला पैसे नसतात. त्याच्याकडे वेळ असतो आणि मैदानावरची जागा असते, तेवढं तरी वाया जाऊ नये.

पुढच्या हंगामात दुसऱ्या फेरीच्या दिवशी पुन्हा पाचला उठले. यादी बहुतांशी अपेक्षेप्रमाणे होती. त्यात उंच हाडाचा एक गार्ड, म्हणजे चेंडू हाताळून खेळ रचणारा खेळाडू, होता, पहिल्या डिव्हिजनच्या तोडीचा, पण वरून कुणीच शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती. नोंद उघडली. एक कोच पहिल्या दिवसापासून एकही दिवस न चुकता त्याच्याशी बोलत होता, रोज एका जागेचे पॉइंट टाकून. साडेपाचला तो गार्ड तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेला, ओहायोतल्या त्या शिक्षकांच्या कॉलेजात.